उजनीत होडी उतरवण्याआधी : तळ, इंजिन, जॅकेट... काय आणि कसं तपासायचं?

कुर्डुवाडी : पावसाळा सरला, उजनी भरली की यशवंतसागर जलाशयाच्या काठावर होड्यांची लगबग सुरू होते. मासेमारी असते, या काठावरून त्या काठाला माणसांची ने-आण असते, आणि थंडीत रोहित पक्षी उतरले की भिगवण, कुंभारगाव भागात पर्यटकांच्या फेऱ्याही वाढतात. खंडेनवमीला ट्रॅक्टर, मोटारसायकलीसोबत होडीलाही हळदीकुंकू लागतं, हार पडतो. पण हार घालायच्या आधी ती उलटी करून तिचा तळ किती जण बघतात?

कोकणात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. त्या काळात बोटी वर ओढून त्यांची डागडुजी होते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास हंगाम सुरू होतो. बंदी माशांच्या पैदाशीसाठी असली, तरी दुरुस्तीला आपोआप वेळ मिळतो. उजनीच्या काठावर दुरुस्तीचा असा ठरलेला महिना नाही. गळायला लागली की बघू, असंच बहुतेक ठिकाणी चालतं.

हे किती महागात पडतं ते करमाळा आणि इंदापूर तालुक्यांनी पाहिलं आहे. एप्रिल २०१७ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या अजोतीजवळ होडी उलटून चार डॉक्टर बुडाले. त्यानंतर २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात सापडली. होडीत सात जण होते. एक जण पोहत कळाशीच्या काठाला लागला, बाकी सहा गेले. त्यात दोन लहान मुलं होती. त्या वेळी धरण उणे पातळीत होतं. 'पाणी कमी आहे, काय होतंय' असं वाटण्याचाच तो काळ. पण उजनी शून्य टक्के म्हणजे कोरडी नव्हे. तेव्हाही ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा असतो आणि भीमेच्या जुन्या पात्रात पाणी खोलच राहतं.

आधी तळ

होडी कोरड्या जागेवर काढून चार दिवस वाळू द्यावी आणि मग उलटी करावी. लाकडी होडी असेल तर फळ्यांवर दाभण किंवा पेचकस टोचून बघायचा. टोक सहज आत गेलं तर फळी आतून कुजली आहे, वरून कितीही रंग मारा, उपयोग नाही. सांध्यातलं जुनं भरण काढून नवा कापूस किंवा काथ्या ठोकून भरावा आणि वरून राळ-तेल किंवा डांबर लावावं. वाळलेली लाकडी होडी पाण्यात घातल्यावर पहिल्या दिवशी थोडी झिरपते. लाकूड पाणी पिऊन फुगलं की सांधे आवळतात. म्हणून दोन दिवस काठालगत उथळ पाण्यात बांधून ठेवावी. तिसऱ्या दिवशीही पाणी येत असेल तर परत वर काढायची.

पत्र्याची होडी गंजते ती बहुतेक आतून, जिथे पाणी साचून राहतं तिथे. हातोडीने हळू ठोकत जावं. चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. तिथे कापून नवा तुकडा वेल्डिंग करून बसवणं हाच उपाय. गंजावरच डांबर फासलं तर भोक झाकलं जातं, बुजत नाही. वेल्डिंगला नेण्याआधी इंधनाची टाकी उतरवून लांब ठेवायला विसरू नये.

फायबरच्या होडीत केसासारख्या चिरा बघाव्यात, विशेषतः इंजिन बसवतात त्या पाठीमागच्या फळीजवळ आणि तळ काठाला घासतो तिथे. चीर घासून, पूर्ण वाळवून मगच मॅट आणि रेझिन लावावं. ओल्यावर लावलेलं ठिगळ महिनाभरात सुटतं.

शेवटची परीक्षा सोपी आहे. छोटी होडी सरळ करून चार लाकडांवर नीट टेकवा, आत दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि खाली वाकून बघा. जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करा.

वजन अंदाजाने नको

'दहा जण बसतात' हे कोणी ठरवलं? बहुतेक वेळा बसायला जागा किती, यावरून. ते चूक आहे. एका माणसाचे सरासरी ७० किलो धरले तर आठ माणसांचे ५६० किलो होतात. वाळूची ५० किलोची अकरा पोती काठालगतच्या पाण्यात होडीत ठेवून बघावं. त्या वजनाला होडीचा काठ पाण्याच्या वर निदान हातभर राहिला पाहिजे. वीतभर राहत असेल तर माणसं कमी करायची. जिथे पाणी टेकलं, तिथे बाहेरून लाल रंगाची पट्टी मारून ठेवावी, म्हणजे प्रवाशालाही दिसेल. मोटारसायकल चढवली तर आणखी ११०-१२० किलो वाढतात, शिवाय ते वजन उंचावर असतं. होडी कलंडायला तेच कारण पुरतं.

लाकडी होडी पाण्याने भरली तरी सहसा तरंगत राहते, धरायला आधार मिळतो. पत्र्याची थेट तळाला जाते. यावर स्वस्त उपाय आहे : झाकण घट्ट बसवलेले रिकामे प्लॅस्टिकचे डबे बाकाखाली पट्ट्यांनी बांधून टाकणं. २० लिटरचा एक डबा साधारण २० किलो वजन तरंगतं ठेवतो. होडीचा पत्रा ३०० किलोचा असेल तर तेरा-चौदा डबे लागतील, इंजिनासाठी वेगळे. जागा जाते हे खरं, पण तेवढी माणसंही कमी बसतात.

इंजिन मध्येच बंद पडू नये म्हणून

गेल्या हंगामातलं टाकीत राहिलेलं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटर तुंबवतं. ते काढून टाकावं, प्लग साफ करावा, ऑइल बदलावं. आउटबोर्ड इंजिनाच्या गिअरचं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेला जाळ्याचा दोरा, तो सील कापतो. पंखा काढून दोरा काढायला अर्धा तास लागतो. इंजिन कितीही चांगलं असलं तरी दोन वल्ही, लांब बांबू, नांगर, पाणी उपसायचा डबा आणि दोर होडीत पाहिजेतच.

उजनीत आणखी एक भानगड आहे. काठाजवळ पाण्याखाली बुडालेल्या झाडांची खोडं आणि जुन्या भिंती आहेत. पळसदेवचं बुडालेलं देऊळ पाणी उतरलं की दिसतं, तसंच बरंच काही पातळीप्रमाणे वर-खाली होतं. त्यात शेतकऱ्यांच्या मोटारी, पाईप आणि केबल. भरलेल्या धरणात काठाच्या विजेच्या ताराही पाण्याच्या जवळ येतात. पहिली फेरी रिकामी, दिवसाउजेडी आणि हळू मारून रस्ता बघून घ्यावा.

जॅकेट बसायला नाही, घालायला

बऱ्याच होड्यांत लाईफ जॅकेट असतं, पण बाकावर उशीसारखं. वर्षभर उन्हात पडलं की कापड विरतं, पट्टे तुटतात, आतला फोम दबतो. प्रत्येक पट्टा जोरात ओढून बघावा आणि एकेक जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात पाय उचलून बघावेत. तोंड पाण्याच्या वर राहत नसेल तर ते फेकून द्या. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर सरकून निघतं, म्हणून मुलांच्या मापाची वेगळी हवीत.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचं वादळ अचानक येतं आणि एवढ्या मोकळ्या पाण्यावर लाट थोड्या वेळात उठते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास वीज पडत असल्याचा इशारा मोबाईलवर देतं. आभाळ काळं झालं तर फेरी रद्द. मध्येच गाठलं तर होडीचं तोंड लाटेकडे ठेवावं आणि सगळ्यांनी तळाशी खाली बसावं. घाबरून एका बाजूला सरकू नये.

इंजिनाच्या होडीला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. कुगाव-शिरसोडी पुलाला मंजुरी मिळाली आहे, पण पूल होईपर्यंत होडी लागणारच. बसण्याआधी प्रवाशानेही नोंदणी क्रमांक विचारावा, जॅकेट मागून अंगात घालावं आणि मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून खिशात ठेवावा. मदतीसाठीचा क्रमांक ११२.