टॉमी जॉनचे डावे कोपर

क्रिकेटमध्ये गोलंदाजाने कोपर झटकून चेंडू फेकला की पंच नो-बॉल देतात. बेसबॉलच्या पिचरच्या वेगात मात्र त्या झटक्याचा मोठा वाटा असतो, आणि त्याची किंमत कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध मोजतो.

1974 च्या जुलैत लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या पिचर टॉमी जॉनचा हा अस्थिबंध तुटला. वय 31, अशा दुखापतीनंतर तेव्हा कारकीर्द संपल्यातच जमा असे. सप्टेंबरात डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला एक स्नायुबंध काढला, डाव्या कोपराच्या हाडांना भोके पाडली आणि त्यांतून तो ओवला. (हा स्नायुबंध नसला तरी हाताचे फारसे अडत नाही, काहींना तो जन्मतःच नसतो.)

1975 चा अख्खा हंगाम बुडाला. 1976 मध्ये जॉन परतला आणि 1989 पर्यंत खेळला. त्याच्या 288 विजयांपैकी 164 शस्त्रक्रियेनंतरचे. त्याची भिस्त वेगावर नव्हती, फलंदाजापाशी येऊन खाली बुडणाऱ्या सिंकरवर होती. माझ्या मते जॉन टिकला याचे थोडे श्रेय सिंकरलाही द्यावे. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि अमेरिकेत शाळकरी पिचरही ती करून घेतात.