हिरवं पाणी, पण कोणतं हिरवं?

मैत्रिणींनो, शित चेपून भात झाला की नाही, हे आपण बरोब्बर ओळखतो. तळ्याचं पाणीही असंच ओळखता येतं, बरं का!

नागपूर-अमरावती महामार्गावरचं तळेगाव (श्यामजी पंत) म्हणजे आष्टी तालुक्यातलं, वर्धा जिल्ह्यातलं गाव. नावातच तळं! विदर्भात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये आल्यावर तळ्यात मासे सोडायचा विचार अनेक घरांत सुरू झाला. बचत गटातून कर्ज काढून बोटुकली आणायची आणि एका पहाटे मासे उलटे तरंगताना दिसायचे, यापेक्षा मोठं दुःख कोणतं? ते टाळायचं तर पाणी वाचायला शिकायला हवं.

पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यांना प्लवंग म्हणतात. काही वनस्पती, काही प्राणी. कटला, रोहूच्या पिलांचं हेच दूध-भाकर. वनस्पती प्लवंग दिवसा प्राणवायू तयार करतात, रात्री मात्र तोच वापरतात. म्हणून ते बेताचे हवेत.

मग ओळखायचं कसं? सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर काठावर बसून हात सरळ पाण्यात घाला. पाणी कोपराला टेकेपर्यंत तळवा दिसेनासा झाला, तर उत्तम. मनगट बुडताच दिसेना, तर प्लवंग फार दाट. कोपर बुडूनही बोटं स्पष्ट दिसली, तर मासे उपाशी. काळ्या-पांढऱ्या रंगाची २० सेंटिमीटरची तबकडी दोरीला बांधून सोडली, तर ती साधारण ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी व्हावी.

रंगही पाहा. फिकट हिरवा किंवा तपकिरी-हिरवा चांगला. गढूळ पाणी फसवतं, म्हणून काचेच्या पेल्यात घेऊन ठेवा. माती तळाशी बसते, प्लवंगांचा हिरवेपणा पाण्यात राहतो. काठाला रंग ओतल्यासारखी निळसर-हिरवी साय जमली, वास मारू लागला, तर सावध! ते पाणी गुरांनाही पाजू नका.

पाणी दाट झालं की शेणखत आणि खाद्य लगेच थांबवा, जमलं तर थोडं पाणी बदला. आभाळ भरून आलं की विशेष लक्ष द्या, कारण ऊन नाही म्हणजे प्राणवायू कमी. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर ताजं पाणी उंचावरून सोडा. पाणी फार नितळ असेल, तर शेणखत थोडं-थोडं द्या. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात मातीचं पोषण मिळत नाही, तिथे हे जास्तच लागतं.

एक मात्र नक्की पाळा. प्लास्टिकचा काठ निसरडा असतो. एकटीने जाऊ नका, दोर बांधून ठेवा, लेकरांना लांब ठेवा.

रोजचा रंग आणि खोली एका वहीत लिहा. महिनाभरात तळं तुमच्याशी बोलू लागेल!