अवताराचें बिऱ्हाड

पनवेललगतच्या करंजाडे येथून एखादें वयस्क जोडपें अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत मुलाच्या घरीं उतरतें, तेव्हां पहिले पंधरा दिवस कौतुकांत निघून जातात. खरी अडचण त्यापुढें सुरू होते. मुलगा व सून सकाळींच कामावर जातात. मोटार चालवितां येत नाहीं, आणि मोटारीवांचून तेथील उपनगरांत भाजी आणावयासही जातां येत नाहीं. बाहेर बर्फ पडलेलें. पाहुण्यांस बहुधा सहा महिने राहण्याची मुभा मिळते; तो सगळा काळ खिडकींतून रस्ता पाहण्यांत जावा, हें कोणासही रुचणारें नाहीं. अशा वेळीं कॉलेजांत जाणारा नातू संगणक पुढें करून ‘आजी, जरा दुसऱ्या जगांत फिरून ये’ असें म्हणतो. तो जें दाखवूं पाहतो, तें आहे तरी काय?

‘सेकंड लाइफ’ या नांवाचें हें जग सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडेन लॅब या कंपनीनें २००३ च्या जूनमध्यें सर्वांस खुलें केलें. त्यास खेळ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु त्यांत जिंकणें नाहीं कीं हरणें नाहीं. पडद्यावर रस्ते, घरें, बागा, समुद्र दिसतात, आणि देशोदेशींचीं माणसें तेथें एकाच वेळीं हिंडतात, लिहून किंवा बोलून संभाषण करतात. प्रत्येकाच्या वतीनें एक मूर्ति वावरते. तिला इंग्रजींतही ‘अवतार’ असेंच म्हणतात! १९८६ च्या सुमारास ‘हॅबिटॅट’ नांवाच्या संगणकीय जगांत हा संस्कृत शब्द या अर्थानें योजिला गेला, आणि नील स्टीफन्सन याच्या १९९२ मधील ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीनें तो सर्वतोमुखीं केला. देवाला मात्र अवतार घेतांना परवलीचा शब्द लागत नसे.

जिना चढतांना जिचे गुडघे कुरकुरतात, त्या आजीचा अवतार तेथें धावतो. इतकेंच नव्हे, तर उडतोही. मोटारीसाठीं मुलाची वाट पाहावी लागत नाहीं. हिंवाळ्यांत न्यू जर्सीचें घड्याळ करंजाड्याच्या साडेदहा तास मागें असतें, त्यामुळें नव्या पाहुण्यास रात्रीं दोन वाजतां टक्क जाग येते. घर निजलेलें असतें, पण त्या जगांत कोठें तरी दिवसच असतो आणि बोलावयास कोणी तरी भेटतें. टॉम बोएलस्टॉर्फ या मानवशास्त्रज्ञानें अडीच वर्षांहून अधिक काळ या जगांतच राहून निरीक्षण केलें व २००८ मध्यें त्यावर ग्रंथ लिहिला. तेथील स्नेह खोटे नसतात, असें त्याचें मत पडलें. अर्थात् अनोळखी माणसास बँकेचा क्रमांक सांगूं नये, हा नियम तेथेंही लागू आहे.

करंजाड्याच्या माणसास या जगांतील एक गोष्ट चटकन् उमजते, ती जमिनीची. सिडकोनें सेक्टर आखून भूखंड पाडलेले त्यानें पाहिलेले असतात. तेथेंही तसेंच आहे. २५६ मीटर लांब व तितकाच रुंद असा एक प्रदेश, म्हणजे ६५,५३६ चौरस मीटर, सुमारें सोळा एकर. त्याचे तुकडे विकतां येतात, भाड्यानें देतां येतात. व्यवहार ‘लिंडेन डॉलर’ या नाण्यांत होतो, व तें नाणें खऱ्या डॉलरांत बदलतां येतें. कंपनी जमीन पुरविते. घरें, झाडें, बाकें बहुतेक रहिवाशांनींच रचलेलीं असतात. २००७ मध्यें स्वीडननें तेथें आपलें दालन थाटलें होतें. पुढें तेंही उठून गेलें.

उठून जाणें तेथें फार सोपें. आकार थकला कीं प्रदेश नकाशावरून निघून जातो, आणि काल जेथें बाग होती तेथें आज नुसतें पाणी दिसतें. बागेंत जमणारी मंडळी पांगतात. जमीन जाण्याचा अनुभव करंजाड्याच्या परिसरास नवा नाहीं. जवळच्या विमानतळाकरितां दहा वस्त्या उठल्या, उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला. २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमानें उडूं लागलीं. परंतु उठलेल्यांपाशीं सातबारा होता. त्याच्या आधारें भूखंड मागतां आला, मोबदल्यासाठीं भांडतां आलें. अवताराच्या जमिनीस सातबारा नाहीं. तेथें आहे तो कंपनीशीं केलेला करार, आणि तो बहुतेक जण न वाचतांच मान्य करतात.

आजी करंजाड्यास परतली तरी तिचा अवतार कायम राहतो. हिंवाळ्यांत रविवारीं न्यू जर्सींत सकाळचे आठ वाजतात, तेव्हां करंजाड्यास सायंकाळचे साडेसहा झालेले असतात. त्या वेळीं आजीनें व नातवानें त्या बागेंतल्या एका बाकावर भेटावयाचें ठरविलें असेल, तर बागेचा आकार कोणी भरला आहे कीं नाहीं, तेवढें आधीं पाहून ठेवावें.