पगाराचे गणित आणि त्याची तालीम

तिसरी पाळी सकाळी सात वाजता सुटते. काही वर्षांपूर्वी पगाराच्या दिवशी त्या पाळीतली माणसे घरी न जाता सरळ युनियनच्या कचेरीत आली आणि आपापल्या पगारचिठ्ठ्या त्यांनी आमच्या टेबलावर ठेवल्या. नव्या करारात रात्रपाळीचा भत्ता वाढवून मिळाला होता. चिठ्ठीत मात्र तो वाढण्याऐवजी नाहीसाच झाला होता, आणि कित्येकांची हजेरीही कमी लागली होती. कारखान्याचे नाव आम्ही सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही, कारण असे कोठेही घडू शकते.

चौकशीअंती कळले ते असे. पगाराची प्रणाली पुरवणाऱ्याकडचा एक तरुण आदल्या संध्याकाळी आला, चालू प्रणालीतच नव्या भत्त्याचा नियम लिहून गेला. रात्री अकराला कामावर आलेला माणूस सकाळी सातला सुटतो. नव्या नियमाने मध्यरात्री बारा वाजता त्याचे दोन तुकडे केले. पहिल्या तारखेला एक तास आणि दुसरीला सात, म्हणजे दोन्ही दिवस पूर्ण पाळी नाही. सबब भत्ता नाही. व्यवस्थापनाने 'संगणकाची चूक' म्हणून हात झटकले. आम्हाला ते पटले नाही. तारीख केव्हा बदलते हे त्या यंत्राला ठाऊक होते; पाळी केव्हा संपते हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितलेले त्याला नीट कळले की नाही हे पाहण्यासाठी वेगळी जागा त्या कारखान्यात नव्हती.

ती वेगळी जागा कशी उभी करतात, हा आजचा विषय आहे. त्या धंद्यात तिला 'डेव्हलपमेंट एन्व्हायरन्मेंट' म्हणतात. ज्यांनी कारखान्यात काम केले आहे त्यांना टूलरूम म्हटले की पुरे. नवा डाय टूलरूममध्ये घडतो, प्रेसवर त्याची ट्रायल होते, निघालेले नग मोजले जातात आणि मगच तो उत्पादनाच्या लाइनवर चढतो. चालू लाइनवर कानस घेऊन डाय घासणाऱ्या फिटरला फोरमन उभा करणार नाही. पगाराच्या बाबतीत मात्र अशी कानस सर्रास चालते, कारण तेथे ठिणग्या उडताना दिसत नाहीत.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि 'वेतन' ह्या शब्दाची व्याख्याच बदलली. मूळ पगार, महागाई भत्ता वगैरे धरून उरलेले बहुतेक भत्ते वेतनाबाहेर राहतात. परंतु अशा भत्त्यांची बेरीज एकूण रकमेच्या निम्म्याहून अधिक झाली, तर वरचा भाग वेतनात मिळवावा लागतो. समजा, एखाद्याला २०,००० रुपये मिळतात. त्यांत मूळ पगार व महागाई मिळून ८,००० आणि भत्ते १२,०००. निम्मे म्हणजे १०,०००. भत्ते त्याहून २,००० नी जास्त, म्हणून वेतन ८,००० नव्हे तर १०,००० धरायचे. ग्रॅच्युइटीसारखे जे देणे वेतनावर मोजतात त्याचा पायाच येथे हलतो. म्हणजे पगाराचे गणित ज्या ज्या संगणकावर चालते, तेथे कोणीतरी हात घालणार हे ठरलेलेच. तो कोठे घालतो, हा आमचा प्रश्न.

उदाहरणाला आम्ही ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली घेतो. खरेदी, कोठार, उत्पादन, हिशेब असा उद्योगाचा सगळा कारभार एका ठिकाणी सांभाळणारी ही प्रणाली मुंबईत ऋषभ मेहता यांनी सुरू केलेल्या फ्रॅपे ह्या कंपनीने घडवली. पगार आणि हजेरीचा भाग २०२२ च्या चौदाव्या आवृत्तीपासून 'एचआरएमएस' नावाने वेगळा केलेला आहे. तिचे मूळ लेखन खुले आहे. कोणालाही ते उतरवून घेता येते, वाचता येते, बदलता येते. विचारून विचारून शिकणाऱ्या आमच्यासारख्याला ही मोठीच सोय. बंद पेटीतल्या प्रणालीत नियम काय लिहिला आहे ते पुरवठादार सांगेल तेच खरे मानावे लागते.

आता मांडणी. प्रथम एक निराळा संगणक हवा आणि त्यावर लिनक्स. विंडोजवर ही प्रणाली थेट चालत नाही. विंडोजच्या पोटात लिनक्स चालवण्याची सोय आहे, ती वापरावी लागते. मग काही साहित्य बसवायचे. पायथन ही ज्या भाषेत हिशेबाचे नियम लिहिले आहेत ती भाषा. मारियाडीबी हे सगळ्या नोंदींचे कोठार. रेडिस म्हणजे तात्पुरत्या टिपणांची पाटी आणि मागाहून करायच्या कामांची रांग. पडद्यावर दिसणारा भाग बांधण्यासाठी नोड. हे बसवताना नवशिक्याचे हटकून दोन दिवस जातात, आणि ते जाऊ द्यावेत. कोठाराची अक्षरजुळणी मात्र तेव्हाच तपासावी. ती केवळ रोमन अक्षरांपुरती राहिली, तर देवनागरीत लिहिलेल्या कामगारांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसते. यूटीएफ-८ ची चार बाइटांची जुळणी ठेवावी, असे ही प्रणालीच मागते.

ह्यानंतर जे हत्यार हाती घ्यायचे त्याचे नाव बेंच. फिटरच्या कामाच्या टेबलालाही आपण बेंचच म्हणतो, त्यामुळे आम्हाला ते नाव लगेच पाठ झाले. बेंचला आज्ञा दिली की तो एक मोठे दप्तर तयार करतो आणि त्यात दोन मुख्य कप्पे ठेवतो. एका कप्प्यात 'अ‍ॅप्स', म्हणजे नियमांची पुस्तके; दुसऱ्यात 'साइट्स', म्हणजे एकेका कारखान्याची स्वतःची साइट, तिची मांडणी आणि तिच्या कागदपत्रांच्या प्रती. मस्टर, माणसे, रकमा ह्या नोंदी राहतात कोठारात, प्रत्येक साइटच्या वेगळ्या. ही वाटणी ज्याला समजली त्याला अर्धा विषय समजला. नियम एक आणि वह्या अनेक असू शकतात. म्हणूनच खऱ्या वहीला न शिवता, तोच नियम खोट्या वहीवर चालवून पाहता येतो.

बेंचकडून आधी पाया, मग ईआरपीनेक्स्ट, मग एचआरएमएस आणवून घ्यायचे, नवी साइट तयार करायची आणि तिच्यावर ही पुस्तके चढवायची. कारखान्यात पंधरावी आवृत्ती चालत असेल तर येथेही पंधरावीच हवी. 'नवीन आहे, चांगली असेल' म्हणून सोळावी आणली, तर जी चूक तेथे आहे ती येथे दिसणार नाही आणि जी येथे दिसेल ती तेथे नसेल. पुढे 'डेव्हलपर मोड' चालू करतात, त्यामुळे मांडणीतले बदल कोठारातच न राहता फायलींतही उतरतात. बेंच सुरू केला आणि ब्राउझरमध्ये आपल्याच संगणकाचा ८००० क्रमांकाचा दरवाजा उघडला की प्रवेशाचा पडदा येतो. मूळ मांडणी येथे संपते.

आता आपला बदल कोठे लिहायचा? येथे बहुतेकांचा पाय घसरतो. मूळ पुस्तकातच खाडाखोड करणे सोपे असते, आणि पहिल्या दिवशी ते बिनबोभाट चालतेही. पण मूळ कर्ते पुढची सुधारणा पाठवतात तेव्हा ती खाडाखोड अडथळा होऊन बसते, नाही तर पुसली जाते. पुसली गेली तर रात्रपाळीचा भत्ता पुन्हा गायब, आणि का, ते कोणालाच आठवत नाही. म्हणून आपल्या कारखान्याचे एक वेगळे छोटे पुस्तक, म्हणजे नवे अ‍ॅप, करायचे. मूळ पुस्तकाने मुद्दाम ठेवलेल्या आकड्यांना ते अडकवता येते. प्रणालीत त्यांना 'हुक्स'च म्हणतात. 'पगारचिठ्ठी पक्की करण्यापूर्वी आमचा एवढा नियम चालव' असे त्यात सांगता येते. पडद्यावर वाढवलेले रकाने 'फिक्स्चर्स' म्हणून ह्याच पुस्तकात उतरवून घ्यायचे. नाही तर ते तालमीच्या कोठारातच राहतात आणि खऱ्या ठिकाणी न्यायचे विसरतात.

हे सगळे लेखन 'गिट'मध्ये ठेवतात. कोणी, कोणत्या तारखेला, कोणती ओळ बदलली आणि का, ह्याची ती जंत्री. वाटाघाटीच्या टेबलावर इतिवृत्ताशिवाय बसू नये हे आम्ही फार पूर्वी शिकलो. पगाराच्या नियमालाही इतिवृत्त असते हे कळल्यावर आम्हाला त्या यंत्राबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

वही कोरी ठेवून तालीम होत नाही. तिच्यात माणसे हवीत. सोपा मार्ग म्हणजे खऱ्या साइटची प्रत आणून येथे चढवणे. त्यात एक धोका असा, की प्रणालीला ठराविक वेळी आपोआप कामे करण्याची सवय असते आणि प्रतीलाही ती असते. एका ठिकाणी तालमीच्या संगणकाने खऱ्या कामगारांना खोट्या पगारचिठ्ठ्या ईमेलने धाडल्या. एकाच्या घरी त्या रात्री पेढे आले आणि दुसऱ्या दिवशी रडारड झाली. म्हणून प्रत चढवताच पहिले काम म्हणजे ईमेल मुके करणे आणि वेळापत्रकाची कामे थांबवणे. दोन्हींसाठी प्रणालीत सोय आहे.

दुसरा धोका आम्हाला अधिक डाचतो. त्या प्रतीत प्रत्येकाचा पगार, बँकखाते, आधार क्रमांक, आजारपणाची रजा, कोर्टाच्या हुकमाने होणारी कपात, सारे असते. ती प्रत पुरवठादाराच्या तरुणाच्या लॅपटॉपवर जाते, तो लॅपटॉप लोकलने घरी जातो. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. पण कायदा नसता तरी हे गैरच. नावे, खाती, क्रमांक बदलून टाकावेत. पाळी, दर, दिवस मात्र जसेच्या तसे राहू द्यावेत. गणिताला माणसाचे नाव लागत नाही.

त्याहून चांगले म्हणजे मुद्दाम निवडलेली थोडी अवघड माणसे. त्या प्रसंगानंतर आम्ही व्यवस्थापनाकडे मागणी केली की ही निवड कामगार समितीने करावी. आधी हसण्यावारी नेले, मग मान्य केले. समितीने एका दुपारी पाठकोऱ्या कागदावर जी यादी केली ती कोणा सल्लागाराला सुचली नसती. मध्यरात्र ओलांडणारा रात्रपाळीवाला त्यात पहिला. महिन्याच्या १७ तारखेला लागलेला. सुटीच्या दिवशी बोलावलेला, ज्याचा ओव्हरटाइम दुप्पट दराने हवा. महिन्याच्या मध्यात निवृत्त होणारा. २५,००० रुपये मिळवणारी बाई आणि २५,००१ मिळवणारी दुसरी, कारण महाराष्ट्रात २०२३ पासून स्त्रियांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. आणि फेब्रुवारी! दरमहा १०,००० च्या वर मिळवणाऱ्या पुरुषाचा व्यवसाय कर अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, तेव्हा वर्षाचे २,५०० भरतात. जूनमध्ये तालीम करून जूनचाच महिना तपासला तर ही चूक आठ महिने दबा धरून बसते. तालमीच्या संगणकावर कोणताही महिना चालवता येतो. हाच तर त्याचा उपयोग. यादीतल्या प्रत्येकाचा पगार आमच्या एका जुन्या टाइमकीपरने हाताने मांडून दिला, आणि ते आकडे चाचणीच्या स्वरूपात प्रणालीतच लिहून ठेवले. आता कोणीही नियमाला हात लावला की एका आज्ञेसरशी सगळी यादी पुन्हा तपासली जाते.

हा खटाटोप लहान कारखान्यापुरता आहे, सरकारे असे चुकत नाहीत, असे कोणास वाटेल. कॅनडाच्या केंद्र सरकारने आपल्या सुमारे २,९०,००० नोकरांच्या पगारासाठी 'फीनिक्स' नावाची प्रणाली २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू केली. पीपलसॉफ्ट ह्या तयार प्रणालीत आपल्या नियमांप्रमाणे बदल करून ती आयबीएमकडून करवून घेतली होती. कोणाला कमी पगार, कोणाला जास्त, कोणाला मुळीच नाही, असे वर्षानुवर्षे चालले. तेथील महालेखापालांनी २०१८ साली जो अहवाल दिला त्यात दिसते की खर्च आणि मुदत सांभाळण्यासाठी अधिकाऱ्यांनी काही आवश्यक कामे प्रणालीतून वगळली. मागील तारखेपासूनची थकबाकी काढण्याची सोय त्यांतलीच. एका खात्यात आधी चालवून पाहण्याचा प्रयोगही त्यांनी रद्द केला. करार झाला की थकबाकी येतेच, हे युनियनचा कोणताही शिपाईगडी सांगू शकला असता.

तालमीच्या संगणकावर उतरलेला बदल थेट खऱ्या ठिकाणी जात नाही. मध्ये तिसरी जागा असते. नाटकवाल्यांची रंगीत तालीम म्हणा. पोशाख, दिवे, पडदे सगळे प्रयोगासारखे, फक्त तिकिटे विकलेली नसतात. तेथे नवा नियम मागच्या संपलेल्या महिन्यावर चालवायचा आणि प्रत्यक्ष दिलेल्या पगारापुढे नवा आकडा मांडायचा. जेथे फरक नसायला हवा तेथे तो शून्य, जेथे असायला हवा तेथे ठरल्याइतका. त्या कारखान्यात हा फरकाचा तक्ता आता महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निघतो. त्यावर हिशेबनीस, टाइम ऑफिस आणि कामगार समिती अशा तिघांच्या सह्या होतात, मग रात्री खऱ्या साइटची सुरक्षित प्रत काढून बदल चढवतात. १ तारखेनंतर नियमाला कोणी हात लावायचा नाही, कारण ७ तारखेच्या आत पगार हातात पडला पाहिजे. गेल्या खेपेला तक्त्यात एका माणसापुढे चाळीस रुपयांचा फरक निघाला. सही अडली, दोन दिवस शोध झाला, आणि शेवटी तो फरक मागच्या महिन्यात त्याला कमी मिळालेल्या चाळीस रुपयांचा ठरला.