संयुक्त शस्त्रनिर्मिती आणि ‘न्याय्य परतावा’

अनेक राष्ट्रांनी मिळून एखादे शस्त्र तयार केले म्हणजे संशोधनाचा खर्च विभागला जातो आणि उत्पादन वाढल्याने दर नगाची किंमत उतरते, असे गणित मांडले जाते. व्यवहारात हे गणित एका राजकीय अटीपाशी अडते. जे राष्ट्र जितका पैसा घालील तितक्या मूल्याचे काम त्याच्या कारखान्यांना मिळावे, ही ती अट होय. तिलाच ‘न्याय्य परतावा’ म्हणतात. तिच्यामुळे काम कौशल्यानुसार नव्हे, तर वाट्यानुसार वाटले जाते आणि बचतीचा बराच अंश नाहीसा होतो.

हा दोष घालविण्यासाठी फ्रान्स, जर्मनी, इटली व ब्रिटन यांनी १९९६ साली ‘ओकार’ ही संयुक्त शस्त्रखरेदी संस्था स्थापन केली. परताव्याचा हिशेब प्रकल्पागणिक न करता अनेक प्रकल्प व अनेक वर्षे मिळून समतोल पाहावा, हे तत्त्व तिच्या १९९८ च्या करारात स्वीकारण्यात आले.

तथापि तत्त्व बदलले म्हणून वृत्ती बदलतेच असे नाही. ओकारमार्फत २००३ मध्ये सात राष्ट्रांसाठी ए-४००एम जातीची १८० वाहतूक विमाने मागविण्यात आली. कॅनडातील कंपनीचे इंजिन नाकारून चार युरोपीय देशांतील कंपन्यांनी मिळून नवे इंजिन घडविले. त्याच्या नियंत्रणप्रणालीतील अडचणी हे विलंबाच्या अनेक कारणांपैकी एक ठरले. २०१० मध्ये या राष्ट्रांनी दोन अब्ज युरोंची दरवाढ मान्य केली. पहिले विमान २०१३ मध्ये फ्रान्सला मिळाले.

सारांश, अशा सहकार्यात राष्ट्रे केवळ शस्त्र नव्हे, तर स्वतःची निर्माणक्षमताही विकत घेत असतात. वाढीव किंमत हे त्या क्षमतेचे मूल्य मानावयाचे की निव्वळ अपव्यय, याचा निर्णय केवळ जमाखर्चावरून करता येत नाही.