आवळलेले काँक्रीट (लेखांक ७)

मागच्या लेखांकात आपण काँक्रीटची ताणातली दुबळी बाजू पाहिली. दाबात मात्र ते खंबीर, असे आपण धरून चालतो. या वेळी तेच जरा तपासू.

खळ्यातल्या ज्वारीच्या राशीवर पाय ठेवला तर तो रुततो, कारण दाणे बाजूला सरकतात. तीच ज्वारी पोत्यात गच्च भरून तोंड शिवले की त्यावर आणखी चार पोती रचता येतात. दाणे तेच असतात, फरक पोत्याच्या तागाने पडतो.

काँक्रीटचेही असेच आहे. वरून भार आला की ते उंचीला आखडते आणि बाजूंना फुगू पाहते. या फुगण्यामुळे खडी आणि तिच्याभोवतीचा मसाला यांच्या सांध्यांत केसासारख्या बारीक भेगा पडतात. भार वाढला की त्या एकमेकींना मिळून उभ्या धावतात. म्हणजे दाबाखाली काँक्रीट चिरडण्याआधी उभे फाटते. आधी त्याचे आकारमान घटत असते, पण कमाल भाराजवळ पोचल्यावर ते चक्क वाढू लागते. इतक्या भेगा आत उघडलेल्या असतात.

प्रयोगशाळेत ताकद मोजण्यासाठी फोडलेला काँक्रीटचा क्यूब कधी पाहिलात तर त्याच्या बाजू गळून पडलेल्या आणि टोकाला टोक लावलेले दोन पिरॅमिड उरलेले दिसतील. यंत्राच्या पोलादी पाट्या घर्षणाने क्यूबची वरची आणि खालची तोंडे धरून ठेवतात, तेवढा भाग वाचतो. उंच सिलिंडरच्या मधल्या भागाला हा आधार मिळत नाही. म्हणूनच त्याच काँक्रीटच्या सिलिंडरची ताकद क्यूबच्या साधारण ८० टक्केच भरते.

ही पकड मुद्दाम दिली तर? १९२८ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट, ब्रॅंट्सेग आणि ब्राऊन यांनी सिलिंडरना चहूबाजूंनी द्रवाचा दाब देऊन ते फोडले. बाजूच्या दाबाच्या सुमारे ४.१ पट ताकद वाढते, असे त्यांना आढळले. २५ मेगापास्कलच्या काँक्रीटला बाजूने २ मेगापास्कल दाब दिला, तर ते सुमारे ३३ पेलते. माझ्या मते याहून मोलाची गोष्ट वेगळीच आहे. ताकद एक तृतीयांशाने वाढते, पण कमाल भारापर्यंत ते आखडते अडीच पटींहून अधिक. त्यानंतरही ते एकदम ढासळत नाही, वाकत, दबत तग धरते. बाजूचा दाब फारच वाढवला तर उभी फाट पडतच नाही. आतली छिद्रे दबतात आणि ठिसूळ काँक्रीट जवळजवळ मातीसारखे वागू लागते.

इमारतीच्या कॉलमला हा दाब देतात त्याच्या उभ्या सळ्यांभोवती बांधलेल्या आडव्या पोलादी रिंगा. पण रिंग आपण होऊन काँक्रीटला दाबत नाही. काँक्रीट फुगू लागले की ती ताणली जाते आणि मग त्याला आवळते. दोन रिंगांत अंतर फार असेल, तर मधले काँक्रीट बाहेर पडते आणि उभ्या सळ्याही वाकतात.

९ फेब्रुवारी १९७१ रोजी लॉस एंजेलिसजवळ भूकंप झाला. तिथले ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय नुकतेच बांधून झाले होते. त्याच्या तळमजल्यावर बहुतेक कॉलमना सळईचे दाट सर्पिल वेटोळे होते, कोपऱ्यातल्या कॉलमना मात्र विरळ रिंगा. वेटोळ्यांच्या कॉलमचे कव्हर, म्हणजे वेटोळ्याबाहेरचा काँक्रीटचा थर, गळाले, ते कमालीचे कलले, पण आतला गाभा शाबूत राहिला आणि त्यांनी वरचे मजले तोलून धरले. कोपऱ्यातल्या कॉलमचा चुरा झाला. ती इमारत पुढे पाडावी लागली, पण ती जागच्या जागी कोसळली नाही ती या वेटोळ्यांमुळे.

आपल्याकडील आयएस १३९२० हे मानक म्हणूनच भूकंपाचा विचार करून बांधायच्या इमारतींत कॉलमच्या दोन्ही टोकांजवळ रिंगांमधले अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू देत नाही. रिंगेचे हुकही ते १३५ अंशांत, गाभ्याच्या आत वळवायला सांगते. काटकोनात वळवलेला हुक कव्हर गळताच उघडतो आणि रिंग नेमक्या गरजेच्या वेळी सुटते.

तुमच्या घराचे बांधकाम चालू असेल, तर कॉलमला शटरिंग लागण्याआधी एकदा साइटवर जा आणि प्रत्येक रिंगेचा हुक आत वळला आहे का ते स्वतः पाहा. काँक्रीट ओतल्यावर तो कुणालाच दिसणार नाही.