फ्रीजरमधली करंजी कधी बिघडते?

थंडीत मटार स्वस्त झाला की अनेक घरांत एकदमच पन्नास-साठ करंज्यांचा घाट घातला जातो. थोड्या त्याच दिवशी तळायच्या, उरलेल्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या. अचानक पाहुणे आले किंवा मुलांच्या डब्याचा प्रश्न पडला, की काढल्या आणि तळल्या. बेत चांगला असतो. पण महिन्याभराने त्यातली एखादी करंजी कढईत फुटते, एखादी बाहेरून लालभडक आणि आतून थंडगार निघते, तर एखाद्या वेळी खाणाऱ्याचे पोट बिघडते. दोष फ्रीजरला दिला जातो. प्रत्यक्षात चूक बहुतेक वेळा करंजी फ्रीजरमध्ये जाण्याआधी किंवा बाहेर आल्यानंतर झालेली असते.

मुळात सगळ्याच करंज्यांना फ्रीजर लागत नाही. सुके खोबरे, भाजलेला रवा, खसखस आणि पिठीसाखर घातलेल्या दिवाळीच्या करंजीत पाणी इतके कमी असते की जंतूंची वाढ होत नाही. ती सादळू नये एवढेच बघायचे असते आणि त्यासाठी घट्ट झाकणाचा डबा पुरतो. ओला नारळ, खवा, मटार, बटाटा किंवा खिमा यांच्या सारणात मात्र भरपूर पाणी असते. अशी करंजी किंवा समोसा बाहेर ठेवला तर एका दिवसातही खराब होऊ शकतो.

थंडीने जंतू मरत नाहीत

उणे १८ अंश सेल्सिअसला जंतूंची वाढ थांबते, पण त्यातले बरेचसे जिवंत राहतात. पदार्थ वितळून गरम होऊ लागला की ते पुन्हा वाढू लागतात. म्हणजे करंजी ज्या अवस्थेत फ्रीजरमध्ये गेली, त्याहून चांगल्या अवस्थेत ती बाहेर येत नाही.

‘नंतर गरम तेलात तळायचीच आहे, सगळे मरेल,’ हा समज इथे धोक्याचा ठरतो. माणसाच्या त्वचेवर, नाकात आणि जखमांमध्ये आढळणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू उबदार सारणात वाढताना विष तयार करतो. बटाटा, भात अशा पिष्टमय पदार्थांत वाढणाऱ्या बॅसिलस सेरियसचे उलट्या घडवणारे विषही तसेच. तळताना जंतू मेले, तरी ही विषे उष्णतेला दाद देत नाहीत. त्यामुळे सकाळी केलेले सारण संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवून मग करंज्या भरल्या, तर ती चूक पुढे ना फ्रीजर सुधारू शकतो, ना कढई.

५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीला सोयीचा पट्टा. या पट्ट्यात शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. म्हणून सारण पातेल्यात ढीग करून न ठेवता परातीत पातळ पसरावे, म्हणजे लवकर निवते. एकदम साठ करंज्या करायच्या असतील, तर निवलेले सारण फ्रीजमध्ये ठेवून लागेल तसे थोडे थोडे बाहेर काढावे. हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत किंवा ते काम दुसऱ्याकडे द्यावे.

पूर्ण तळावी की अर्धवट?

पूर्ण तळलेली करंजी फ्रीजरमध्ये ठेवली की सारणातले पाणी हळूहळू पारीत उतरते आणि खुसखुशीतपणा जातो. शिवाय पारीने शोषलेल्या तेलाची हवेतल्या प्राणवायूशी होणारी प्रक्रिया थंडीत मंदावते, पूर्ण थांबत नाही. म्हणून जुन्या करंजीला खवट वास येतो. कच्ची करंजी ठेवली तर ओलसर पारी एकमेकींना चिकटते किंवा तडकते. मधला मार्ग सोयीचा: मंद आचेवर, रंग येण्याआधी, पारी घट्ट होईपर्यंतच तळावी आणि पूर्ण निववून लगेच फ्रीजरमध्ये ठेवावी. मात्र सारण आधीच पूर्ण शिजलेले हवे.

गोठवतानाही घाई आणि गर्दी नको. करंज्या आधी ताटात एकमेकींना न टेकवता ठेवाव्यात. ढीग केला तर त्या सावकाश गोठतात, बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि वितळल्यावर सारण पाणचट लागते. बटाट्यात हे विशेष जाणवते. कडक झाल्या की पिशवीत भराव्यात, हवा काढून तोंड बंद करावे आणि वर तारीख लिहावी. दोन-तीन महिन्यांत संपवणे चवीच्या दृष्टीने बरे. एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत जाईलच असे नाही, त्यामुळे तिथे ठेवलेल्या करंज्या काही दिवसांतच संपवाव्यात.

कढईत टाकताना

करंजी बाहेर ठेवून वितळवू नये. पारीवर पाणी सुटते, ती मऊ पडते आणि तेल उडते. पाण्याची वाफ झाली की तिचा आकार सुमारे सतराशे पट होतो, तडतडण्याचे कारण तेच. वरचा बर्फ झटकून करंजी थेट तेलात सोडावी, पण एका वेळी तीन-चारच. जास्त टाकल्या तर तेल थंड होते आणि करंजी तेल पिते. आच मध्यम ठेवावी, कारण मोठ्या आचेवर पारी लाल होते तेव्हा आत बर्फ तसाच असतो. पहिली करंजी मोडून बघावी. मधले सारण वाफाळते असेल तरच बाकीच्या काढाव्यात.

वीज गेली तर फ्रीजरचे दार उघडू नये. दार बंद असेल तर गच्च भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरून ठेवतो. गावाला जाताना एक साधी युक्ती करता येते. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे तळाशी गोठलेले दिसले, तर मधल्या काळात बर्फ वितळला होता असे समजावे.

तसे झाले असेल, तर करंज्या पुन्हा कडक झालेल्या असल्या आणि वासही ठीक असला, तरी त्या टाकून द्याव्यात. दिवसभराची मेहनत वाया गेल्याचे वाईट वाटतेच. पण वरच्या विषांना ना वास असतो, ना चव, आणि घरात लहान मुले, गरोदर स्त्रिया किंवा वृद्ध असतील तर एका करंजीसाठी ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.